काश्यपगोत्री मेंग

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१२ मे १९८३

ती. नानांस,
सुमेधाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. ताईकडे शुगर लँडला एव्हाना पंखा आणि एसी दोन्ही सुरू झाले असतील. आमच्याकडे अजून सकाळी स्वेटर लागतो. गिरीशला हॉस्पिटलात या महिन्यात ड्यूट्या फार आहेत. उत्तराने शाळेच्या सायन्स फेअरसाठी दह्याच्या डब्याचं पर्जन्यमापक बनवलं आणि आजोबांचा जॉब म्हणून खाली तुमचं चित्र काढलं. चित्रात तुम्हाला भरघोस केस आहेत.

आता मुख्य बातमी. नाना, आधी खुर्चीत बसा.

आमच्या संस्थेत गेल्या सोमवारी चीनहून एक वृद्ध शास्त्रज्ञ वर्षभरासाठी आले. सत्तरीचे, बारीक, निळा बंद गळ्याचा कोट. डायरेक्टरांनी ओळख करून देताना सांगितलं की चीनमध्ये हवामानाचे फुगे आणि पुढे रॉकेटं सोडायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्यातले हे एक. मी माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, भारतात कुठल्या? मी पुणे म्हटलं. मग माहेरचं नाव विचारलं. मी लेले म्हणताच त्यांनी विचारलं की तुमच्या घरात पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक करणारा कोणी माणूस आहे का.

नाना, हे मेंग वेइशान आहेत. तुमचे लंडनचे मेंग. लहानपणी ताईला आणि मला तुम्ही ज्यांच्या गोष्टी सांगायचात आणि मोठेपणी विचारलं तर नुसतं ‘गेला बिचारा’ म्हणायचात, ते. ते गेलेले नाहीत. कालच त्यांनी माझ्या डब्यातली दोन थालीपिठं खाल्ली.

त्यांना तुमचा फोन नंबर देऊ का? लगेच कळवा. गुडघ्याला तेल लावत जा, आणि माझ्यावरचा लोभ ताईच्या वाट्याला सगळा जाऊ देऊ नका.

तुमची,
सुमेधा


शुगर लँड, टेक्सस
१९ मे १९८३

चि. सौ. सुमेधा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी खरोखरच खुर्चीत बसलो, आणि चष्मा काढून ठेवला. पद्मजा घाबरली. पुण्याहून काही वाईट बातमी आहे काय, असे ती विचारू लागली. मी तिला सांगितले, की माणूस गेल्याचे पत्र घरोघरी येते. माणूस असल्याचे पत्र कोणाकडे येते?

मेंग आणि मी १९४६ साली एकाच महिन्यात लंडनला पोचलो. मला आपल्या वेधशाळेने पाठवले होते, त्याला त्याच्या सरकारने. एकाच घरात शेजारशेजारच्या खोल्या. लेले हे नाव चिनी आणि मेंग हे हिंदुस्थानी, अशी घरमालकिणीची समजूत झाली ती दोन वर्षांत गेली नाही; त्याची पत्रे माझ्या दाराखाली आणि माझी त्याच्या. रेशनच्या दिवसांत मी वाटाण्याच्या डाळीची आमटी करीत असे. ती तो वाडगा तोंडाला लावून पीत असे. त्याच्याइतका लख्ख डोक्याचा माणूस मी पुढे पाहिला नाही. अमेरिकेत जागा मिळत असताना तो ‘घरी फुगे कोण सोडणार’ म्हणून परत गेला.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुझ्या आईखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. १९६८ साली जिनिव्हाच्या परिषदेत एका सद्गृहस्थाने मला सांगितले, की तिकडच्या धामधुमीत मेंगचा अंत झाला. त्या वर्षापासून दर सर्वपित्री अमावस्येला मी त्याला तिलांजली देत आलो. गुरुजींनी गोत्र विचारले. मी काय सांगणार? ज्याचे गोत्र माहीत नाही त्याचे काश्यप, असे ते म्हणाले. तेव्हा काश्यपगोत्री मेंग असा उच्चार करून मी पंधरा वर्षे पाणी सोडले आहे. जिवंत माणसाला तर्पण केल्याचे प्रायश्चित्त कोणते, हे मात्र इथे टेक्ससमध्ये कोणाला विचारावे?

त्याची प्रकृती कशी आहे? बायको हयात आहे का? सविस्तर लिही. फोन नंबर मात्र इतक्यात देऊ नकोस. दोघांनाही ऐकू कमी येत असणार. माझे तिकडे येणेही कठीण दिसते, गुडघे साथ देत नाहीत.

चि. उत्तरास माझे केस परत दिल्याबद्दल शाबासकी सांग. गिरीशरावांस आशीर्वाद. ममता आहेच, ती तशीच राहील.

नाना


श्रूजबरी
५ जून १९८३

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

तर्पणाची गोष्ट मी मेंगकाकांना सांगितली. (उत्तरा त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणू लागले. खरं तर तिचे आजोबाच ते.) सांगताना भीती वाटत होती. त्यांनी नीट समजून घेतलं: पाणी कोणत्या दिशेला, तीळ काळे की पांढरे, आणि गोत्र म्हणजे काय. मग इतके हसले की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. म्हणाले, पंधरा वर्षांपैकी निम्मी मी पाण्याची टंचाई असलेल्या शेतावर काढली आणि तरी तगलो. माझं पाणी कुठून येत होतं ते आज कळलं. गुरुजींना माझे आभार कळवा.

त्यांची हकीकत ते तुकड्यातुकड्यानं सांगतात, बहुतेक रविवारी, आमच्या अंगणात बसून. त्यांचा जन्म एका नदीकाठच्या गावातला. तिथे दर शरद ऋतूत समुद्राची भरती नदीत भिंतीसारखी उलटी चढून येते. सातव्या वर्षी त्यांनी घाटाच्या पायऱ्यांवर खडूच्या खुणा करून तिची उंची मोजली. तीच त्यांची पहिली नोंदवही. लंडनहून परतल्यावर फुगे भरायला हायड्रोजन विकत मिळेना, तेव्हा तो स्वतः तयार केला. त्यात भुवया जळाल्या. पहिलं छोटं रॉकेट सोडलं तेव्हा रॉकेटपासून खंदकापर्यंत टेलिफोन नव्हता. मग एका सहकाऱ्यानं लाल पलंगपोस हलवून इशारा केला. तो पलंगपोस मेंगकाकूंच्या रुखवतातला होता, आणि काकू (हयात आहेत, ठणठणीत आहेत, पेकिंगला पियानो शिकवतात) अजून तो परत मागतात.

नंतर ते उपग्रहाच्या आराखड्यावर काम करू लागले. आणि सांस्कृतिक क्रांतीचं १९६६ साल आलं. हा भाग त्यांनी एकदाच सांगितला. त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांना सभागृहाच्या स्टेजवर नेलं, गळ्यात पाटी अडकवली आणि समोरच्या हजार माणसांनी ओरडायचं, यांनी मान खाली घालून उभं राहायचं. असं बावीस वेळा. मग शेतावर पाठवलं, डुकरं सांभाळायला. १९७० साली लाउडस्पीकरवर बातमी आली की चीनचा पहिला उपग्रह वर गेला. त्यांच्या आराखड्यातला काही भाग त्यात होता, पण हे तिथे कोणाला सांगायचं नव्हतं. त्यांनी वेळेचा हिशेब बांधला आणि संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहिले. ठरल्या मिनिटाला एक ठिपका सरकत गेला. सांगायला जवळ कोणी नव्हतं म्हणून डुकरांना सांगितलं. ती चांगली श्रोती होती, असं म्हणतात.

आता अडचण सांगते. आमच्या डायरेक्टरांना त्यांचं एक जाहीर व्याख्यान ठेवायचंय. काकांनी दोनदा नम्रपणे नकार दिला. मला एकटीला खरं कारण सांगितलं: १९७८ मध्ये नाव आणि पद परत मिळालं, पण तेव्हापासून एकदाही ते माणसांसमोर उभे राहून बोलू शकलेले नाहीत. स्टेजच्या पायरीवरच पाय थरथरू लागतात. टेबलाशी बसून चार जणांना शिकवतात, तेवढंच.

नाना, तुम्ही आलात तर त्यांना धीर येईल. आणि गुडघ्यांचं खरं कारण काय? ताई म्हणते, तुम्ही रोज सकाळी दोन मैल फिरता.

उत्तराची वाट तुम्ही पाहत नसाल, पण ती तुमची पाहते आहे.

सुमेधा


शुगर लँड
२२ जून १९८३

चि. सुमेधास,
ताईचे अ. आ.

नानांना न सांगता हे पत्र लिहितेय, आणि तेही ऑफिसच्या कागदावर, तेव्हा वाचून फाडून टाक.

तुझं मेंगपुराण आल्यापासून घरातलं वातावरण बघ. नाना सकाळी फिरायला जातात ते दीड तास येत नाहीत. परवा त्यांचा जावई विनय कारने शोधायला गेला, तर हे शाळेच्या मैदानावर बाकावर बसून आकाश बघत होते. वर ढगही नव्हते. तुझं पत्र चार वेळा वाचून झालंय. प्रसन्नने त्यांना डुकरांची गोष्ट पुन्हा सांगायला सांगितली तर म्हणाले, डोकं दुखतंय. तुझ्या भाच्याने मला इंग्रजीत विचारलं की आजोबांचं त्या मित्राशी भांडण झालंय का. मला वाटतं तेरा वर्षांच्या पोराला जे दिसलं ते आपल्याला दिसलेलं नाही.

मी एअरलाइनला फोन करून बॉस्टनचं बुकिंग केलं. नानांनी ते कॅन्सल करायला लावलं. तेही अगदी शांतपणे. तूच विचार. धाकट्या लेकीला ते सांगतात. मी विचारलं की माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करायला लागतात.

आमच्याकडे हवा म्हणजे उकडीचं भांडं. शेजारच्या सुलभानं आंब्याच्या डब्यांचा आमरस केला होता, बरा झाला होता. गिरीशला सांग, डॉक्टरांनी वर्षातून एकदा मेहुणीला पत्र लिहिलं तर लायसन्स जात नाही.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून चिडते.

पद्मजा


शुगर लँड
९ जुलै १९८३

चि. सौ. सुमेधा हीस,
अनेक आशीर्वाद.

तू सरळ विचारलेस, तेव्हा सरळ उत्तर देतो. हे पत्र पद्मजाने वाचले तरी चालेल. एकदा लिहायचे ते दोघींना लिहावे.

मेंगची आणि माझी पत्रे १९४८ पासून चौदा वर्षे चालू होती. बासष्टच्या नोव्हेंबरात, लढाई चालू असताना, त्याचे एक जाड पाकीट वेधशाळेच्या पत्त्यावर आले. शिपायाने ते सर्वांसमक्ष माझ्या टेबलावर ठेवले. साहेब दारात उभे होते. त्यांनी मला काहीही सांगितले नाही, धमकावले नाही. नुसते पाहत होते. मी पाकीट उचलले, त्यावर ‘घेण्यास नकार’ असे लिहिले, खाली सही केली आणि शिपायाच्या हाती परत दिले. कोणी जबरदस्ती केली असती तर आज मला सोपे झाले असते.

त्या पाकिटात काय असेल, याचा विचार मी एकवीस वर्षे केला. आम्ही दोघांनी मिळून मोसमी वाऱ्यांवर एक निबंध लिहायला घेतला होता. त्याचाच त्याचा भाग त्यात असणार. पुढे त्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा दुसरा विचार मनात आला, आणि तो गेला नाही: परदेशी माणसाशी पत्रव्यवहार, हाच त्याच्यावरचा आरोप असेल. म्हणजे आधी माझ्या पत्रांनी त्याला अडकवले, आणि नंतर मी त्याला ओळख दिली नाही. तर्पण मी त्याला मित्र म्हणून देत होतो, असे तुला लिहिले. ते पुरते खरे नव्हते. क्षमा मागायला दुसरा पत्ता नव्हता.

आता तो जिवंत आहे आणि तुझ्या अंगणात बसतो. मी कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर येऊन बसू? हे त्याला सांगायचे की नाही, ते तू ठरव. मी ठरवू शकलो नाही.

नाना


श्रूजबरी
८ ऑगस्ट १९८३

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं पत्र मी तीन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडत होते. शेवटी काल काकांना मराठीतून वाचून इंग्रजीत सांगितलं, एकही वाक्य न गाळता.

ऐकून झाल्यावर त्यांनी पहिलं विचारलं की नकाराची सही पेन्सिलीनं होती की शाईनं. पाकीट परत आलं तेव्हा पावसानं अक्षर पुसलं होतं. मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

एक. त्यांच्यावर सतरा आरोप होते. ते सगळे त्यांना पाठ आहेत, रोज म्हणून घ्यायचे. त्यात जर्मन पुस्तकं होती, काकूंचा पियानो होता, एकदा परदेशी बूट घातले तेही होते. लेले हे नाव कुठेच नव्हतं. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना लंडनमध्येही वाटायचं की धुकं त्यांच्यामुळेच पडतं. त्यांना सांग, यादीत नाव नाही म्हणून मलाच त्यांच्या वतीनं थोडं वाईट वाटलं होतं.

दोन. पाकिटात निबंध नव्हता. त्यांच्या लेकीचे, तिच्या पहिल्या वाढदिवसाचे, तीन फोटो होते, आणि पाच पानं भरून आमटीबद्दल तक्रार. त्यांनी सात वेळा करून पाहिली, जमली नाही. गूळ आधी की चिंच आधी, हे विचारलं होतं.

तीन. पाकीट परत आल्यावर त्यांना राग आला का, हे मी विचारलं. आला, म्हणाले. एक हिवाळाभर होता. मग शेतावर असताना, त्यांच्याशी बोललं तर आपलं काय होईल या भीतीनं तोंड फिरवणारी चांगली माणसं त्यांनी रोज पाहिली. त्यांच्यातली काही रात्रीचं उरलेलं अन्न दाराशी ठेवून जायची. तेव्हा त्यांना कळलं की तोंड फिरवणारा प्रत्येक जण शत्रू नसतो. त्यांनी तुम्हाला तेव्हाच सोडून दिलं. तुम्हीच स्वतःला सोडलेलं नाही, एवढंच.

आणि चार. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा ते बसमध्ये असतील. विमानाचं तिकीट गिरीश काढत होता. ते नको म्हणाले. विमानातून ढगांची वरची बाजू दिसते, ती त्यांनी आयुष्यभर पाहिली, आता खालचा देश बघायचाय. बारा तारखेला वुस्टरहून निघतील, चौदाला सकाळी ह्यूस्टन. तेव्हा नकार लिहायला पाकीटच नाही, नाना. माणूसच येतोय.

गूळ घरात असू द्या. आणि एवढ्या अगाऊपणाबद्दल रागावलात तरी मला अंतर देऊ नका.

सुमेधा


शुगर लँड
२३ ऑगस्ट १९८३

चि. सुमेधास,
अ. आ.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे पहिलं वाच. फोन अजून बंद आहे. वीज काल संध्याकाळी आली. कुंपण गेलं, छपराचे तुकडे शेजारी सुलभा-श्रीरंगच्या अंगणात सापडले, आणि आपल्या पिकॅनच्या झाडानं अंगणात अंग टाकलंय. बाकी ठीक.

आता पहिल्यापासून सांगते. रविवारी सकाळी नाना बसस्टँडवर कोट घालून आले. ऑगस्टात! टाय सुद्धा. बस आली. सगळ्यात शेवटी ते निळ्या कोटातले म्हातारबुवा उतरले, हातात प्लास्टिकची पिशवी. दोघं एकमेकांसमोर दोन हातांवर उभे राहिले. कोणी हात पुढे करेना. मग मेंगकाका म्हणाले की लेले, तू आटलास. आणि नाना, आपले नाना, सगळ्या स्टँडसमोर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मी नानांना आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मेंगकाका त्यांच्या पाठीवर थापटत होते आणि मला विचारत होते की गूळ आणलाय ना.

आधी चिंच, मग गूळ. नानांनी स्वतः ओट्याशी उभं राहून दाखवलं. काकांनी वहीत लिहून घेतलं, उष्णतामानासकट.

त्यानंतरचे दोन दिवस या दोघांनी माझं डोकं खाल्लं. टीव्हीवर अॅलिशिया वादळाची बातमी सुरू झाली आणि दोघांना घरात लग्न निघाल्यासारखं झालं. नानांनी पुण्याहून आणलेलं वायुभारमापक पितळी खिळ्यावर टांगलं. दर तासाला काट्याची नोंद, त्यावर वाद. टीव्हीवाले म्हणत होते कदाचित वळेल. हे दोघं बुधवारी दुपारीच म्हणाले की वळत नाही, बाथटबमध्ये पाणी भरा. विनयनं खिडक्यांना टेपच्या फुल्या मारल्या. आमचं घर विटांचं आणि मधली खोली बिनखिडक्यांची, म्हणून सुलभा, श्रीरंग, त्यांची मुलं, पलीकडचे दोन अमेरिकन शेजारी आणि आणखी तीन मराठी कुटुंबं आमच्याकडेच आली. एकूण एकतीस माणसं. मी मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली.

गुरुवारी पहाटे वीज गेली. सहाच्या सुमाराला वारा असा सुरू झाला की बोललेलं ऐकू येईना. छपरावर कोणीतरी फळ्या उपटतंय असा आवाज. मुलं रडायला लागली. सुलभाची धाकटी तर किंचाळतच होती, आणि मोठ्यांचे चेहरे पाहून जास्तच. नाना काही सांगू गेले, पण त्यांचा आवाज पोचेना.

आणि मेंगकाका उठून उभे राहिले. हातात खिचडीचा डाव. परातीत पाणी ओतलं, डावानं गरागरा फिरवलं, आणि मधे पडलेला खळगा मुलांना दाखवला. मग म्हणाले, सगळ्यांनी उठा. वारा त्या भिंतीकडून, म्हणजे उत्तरेकडून येतोय. त्याच्याकडे पाठ करा, डावा हात सरळ बाजूला पसरा. तुमच्या डाव्या हाताच्या दिशेला वादळाचा मध्य आहे. सुमे, टॉर्चच्या उजेडात एकतीस माणसं डावा हात पसरून उभी, आमचे शेजारी मिस्टर अँडरसन सुद्धा! मुलांना खेळच झाला. काका म्हणाले, हा हात हळूहळू सरकणार आहे, बघत राहा. वारा कसा वळतोय ते नाना दाराच्या फटीशी ऐकून ओरडून सांगायचे आणि आम्ही सगळे तेवढे वळायचो. प्रश्नावर प्रश्न सुरू झाले. काका बोलत राहिले, वादळ पाणी कुठून पितं, मधला डोळा शांत का असतो, जमिनीवर आल्यावर ते का मरतं. त्यांचा बारीक आवाज एवढा मोठा होईल असं वाटलं नव्हतं. वारा वायव्येकडून येऊ लागला तेव्हा ते म्हणाले की मध्य आपल्या पूर्वेनं निघून गेला, आता जोर उतरणार. नानांनी टॉर्च मारून काटा पाहिला. वर चढत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं. डाव हातात धरून ते इकडेतिकडे बघायला लागले. घड्याळ पाहिलं. दोन तास होऊन गेले होते. नानांनी त्यांना हळूच विचारलं, पाय? काकांनी खाली पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. मग सावकाश खाली बसले आणि मला म्हणाले की खिचडी उरली असेल तर थोडी चालेल.

परवा त्यांनी विनयला विचारलं, सुमेधाच्या डायरेक्टरांना व्याख्यानाची तारीख अजून देता येईल का. एक अट आहे म्हणे, लेले समोर बसला पाहिजे. नानांनी स्वतः एअरलाइनला फोन करायला सांगितलाय, फोन सुरू झाल्याबरोबर. दोघं एकत्र येतायत. सांभाळ बाई. दोघंही कपबशी जिथल्या तिथे ठेवत नाहीत.

इकडचे सगळे आठवण काढतात. मीही, पण ते तुला लिहून द्यायची सवय नाही मला.

पद्मजा


श्रूजबरी
१ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाना खाली बेसमेंटमध्ये मेंगकाकांशी कसल्याशा आलेखावरून भांडतायत, तेवढ्यात लिहून घेते. गेल्या तीन आठवड्यांत घराला वसतिगृहाची कळा आली आहे. गिरीशने मोजलं, आमटी अकरा वेळा झाली.

व्याख्यान परवा, गुरुवारी झालं. चारशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, मागे विद्यार्थी उभे. त्यात चीनहून शिकायला आलेली वीस-पंचवीस मुलंही होती. ती पहिल्या रांगेत येऊन बसली तशी मला धास्तीच वाटली, कारण १९६६ ला काकांना स्टेजवर ओढणारे याच वयाचे होते. काकांनीही त्यांना पाहिलं. स्टेजच्या पायरीशी ते थांबले. एक हात कठड्यावर. मी मोजत होते. मिनिटभर तरी थांबले असतील. नाना समोर बसले होते. ते उठले, आणि मला वाटलं हात धरून वर नेतील. तसं केलं नाही. ते त्या चिनी मुलांकडे गेले आणि त्यांना आपल्या इंग्रजीत म्हणाले की हे तुमचे सर आहेत, सर उभे असताना आपण बसत नाही. सगळीच्या सगळी मुलं उठून उभी राहिली. मागून बाकीचे उठले. कोणी ओरडलं नाही. चारशे माणसं नुसती उभी. एका मुलीनं मान लववली, तशी सगळ्यांनी.

काका वर गेले. पायऱ्या तीन होत्या, मी तिन्ही पाहिल्या. माइक जवळ ओढला आणि आधी चिनी भाषेत दोन वाक्यं बोलले. ती मुलं हसली, एक मुलगा रडलाही. नंतर विचारलं तर कळलं, ते म्हणाले होते की बसा, मला माहीत आहे उभं राहून पाय किती दुखतात.

मग ते बोलत गेले, ताई. भरतीची भिंत, जळलेल्या भुवया, पलंगपोस, सगळं. लोक खुर्चीवरून पुढे झुकून ऐकत होते. तास झाला, दीड झाला. दोन तासांनी डायरेक्टरांनी अवघडून घड्याळाकडे पाहिलं, कारण सभागृह पुढच्या कार्यक्रमाला द्यायचं होतं. काका थांबले, लाजले, आणि माइकमधूनच त्यांना विचारलं की पुढच्या गुरुवारी सभागृह मोकळं आहे का. ते अजून १९६० पर्यंतच पोचले होते.

मोकळं आहे. मी बुक केलंय. नानांचं परतीचं तिकीट कॅन्सल केलंय, तेव्हा त्यांचे लोकरीचे मोजे पाठवून दे. तू आणि विनय निघाच इकडे, प्रसन्नलाही आणा. माझ्यावरचा राग तिकडेच ठेवून या, लोभ तेवढा बरोबर असू दे.

तुझीच,
सुमेधा